बातमीखाली नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, पेपर वाचून झाला की आपण तो रद्दीत टाकतो. पण त्याच्या एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक-प्रकाशकाचं नाव असतं. १८६७ च्या कायद्यानं सक्तीची झालेली ही पद्धत आजही चालू आहे. खोटं छापलं तर जाब कुणाला विचारायचा, ते तिथं कळतं.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत आता पेपर कमीच दिसतो. "ताई, मोबाइलवर आलंय ना!" कुणी पाठवलं? तर "ग्रुपवर आलं."

ग्रुपवर आलेलं किती महागात पडतं, ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यानं दाखवलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. १ जुलै २०१८ ला भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं. त्या अफवेखाली कुणाचंच नाव नव्हतं.

पेपरवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण प्रेस कौन्सिलपर्यंत गेलं. पण निदान विचारायला दार होतं.

२०२० मध्ये करोनाच्या भीतीनं अनेक घरांनी पेपर बंद केला, तो कायमचाच. आपण देतो त्या चार-पाच रुपयांत पेपरचा खर्च भागत नाही, तो जाहिरातींवर चालतो. त्या जाहिरातीही मोबाइलकडे वळल्या. मग पहिली काटछाट तालुक्याच्या बातमीदारावर. तोच नसेल, तर आपल्या बंद नळाची बातमी लिहिणार कोण?

मोबाइल वाईट नाही. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ मध्ये खेड्यातल्या बायकांनी 'खबर लहरिया' हा पेपर काढला. त्यात बहुतेक दलित. रस्ता, पाणी, बायकांवरचे अत्याचार यांच्या बातम्या त्या स्वतः गावोगाव फिरून आणत. पुढं त्यांनी छापील अंक सोडून मोबाइल हाती घेतला, पण नाव-गाव सांगून, लोकांना विचारून बातमी देणं सोडलं नाही. आपल्याकडेही शंभर वर्षांपूर्वी पतीच्या पश्चात तानूबाई बिर्जे यांनी 'दीनबंधू'चं संपादन केलं होतंच की.

तेव्हा बातमी कागदावर येवो नाहीतर मोबाइलवर, ती कुणी दिली हे आधी बघू या. नाव नसेल तर पुढं पाठवायची नाही. आणि गावात धडपडणारा बातमीदार असेल, तर त्याच्या पेपरची वर्गणी भरू या. महिन्याला एका साध्या साडीच्या फॉल-पिकोएवढाच खर्च येतो!