साल किसून घेतलेलं संत्रं

त्यानं संत्रं सोललं नाही. साखरेचा एक चौकोनी खडा घेतला आणि फळाच्या सालीवर सगळीकडून घासायला सुरुवात केली. पांढरा खडा हळूहळू पिवळसर, ओलसर होत गेला. मग टेबलावरच्या लोण्याच्या, मेणबत्तीच्या वासाला बाजूला सारून एकच वास वर आला, आणि तो माझ्या ओळखीचा निघाला. नोव्हेंबरात पांढुर्ण्यात ट्रक भरायला लागले, की कॅरेटात दबलेल्या संत्र्यांच्या साली फुटून रस्त्याभर पसरतो, तो वास.

हे मुंबईत, कुलाब्याच्या एका फ्रेंच धर्तीच्या रेस्टॉरंटात. आधीचं जेवण चांगलं होतं. सुपातला कांदा इतक्या निगुतीनं, मंद आचेवर परतला होता, की आमच्याकडच्या रश्श्याच्या वाटणाची आठवण व्हावी. पण शेवटी चाकांचं टेबल ढकलत तो वाढपी आला आणि बाकीचं सगळं मी विसरलो. पदार्थ होता क्रेप सुझेत. क्रेप म्हणजे मैदा, अंडी आणि दुधाचं कागदासारखं पातळ धिरडं. ती आधीच करून ठेवलेली असतात. खरं काम असतं ते त्यांच्या पाकाचं, आणि तो पाक जेवणाऱ्याच्या समोर होतो.

तांब्याची उथळ कढई, खाली छोटी शेगडी. कोरडी साखर पसरून तो नुसता बघत राहिला. चमचा लावला नाही. कडेची साखर वितळली, मधाच्या रंगाची झाली, तशी कढई हलकेच फिरवली. तांबं लवकर तापतं आणि आचेवरून उचललं की तितक्याच लवकर निवतं. म्हणून पाक करपायच्या आधी त्याला थांबवता येतं. मग लोणी. मग तिथल्या तिथे पिळलेला रस. थंड रस पडताच पाक चरचरला, क्षणभर कडक गोळा झाला आणि पुन्हा विरघळला. त्यात तो सालीवर घासलेला खडा आणि बारीक किसलेली साल. रुमालासारखी चौघडी घातलेली दोन धिरडी पाकात उलटसुलट केली, वरून ग्राँ मार्निए ही दारू ओतली आणि कढई कलती करून ज्वाळा धरली. निळी ज्वाळा विझेपर्यंत आमच्या टेबलावर कुणी बोललं नाही.

आँरी शार्पांतिए नावाच्या आचाऱ्यानं पुढे दावा केला, की 1895 मध्ये माँटे कार्लोत इंग्लंडच्या युवराजाला वाढताना ही ज्वाळा चुकून लागली आणि त्यातून हा पदार्थ जन्मला. तेव्हा तो पोरगेलाच होता. अनेकांना हे पटत नाही. मलाही ज्वाळेपेक्षा दारूची बाटली महत्त्वाची वाटली. 1880 पासून बनणारी ही दारू म्हणजे कोन्याक आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल. फळाचा गर नव्हे, साल! गराइतकाच मान सालीला देणारं स्वयंपाकघर मी पहिल्यांदा पाहत होतो.

“संत्रं कुठलं?” मी विचारलं.

“माल्टा आहे, सर, बाहेरून येतो. आपल्या संत्र्याची साल सैल असते, किसताना फाटते.”

तो बरोबरच सांगत होता. पण मला ते लागलं. आमच्या सौंसरहून नागपूर जेमतेम सत्तर किलोमीटर. 1956 मध्ये राज्यं नव्यानं आखली गेली आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, 2023 मध्ये आमचा वेगळा पांढुर्णा जिल्हाही झाला, तरी आमचं फळ बाजारात नागपुरी म्हणूनच जातं. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं मलूल झाली की जानेवारीत पाणी सोडायचं, फुलं येऊन गेल्यावर गळ होऊ नये म्हणून उन्हाळाभर जीव टांगणीला, आणि दिवाळीच्या आसपास तोड. इतकं करून फळ हातात येतं आणि आम्ही ते सोलून, फोडी खाऊन मोकळे होतो. स्वयंपाकात ते जवळजवळ येतच नाही.

घरी आलो आणि करून पाहिलं. पहिल्यांदा सगळं कडू झालं. मी रस पाकात आटवत बसलो होतो. नागपुरी संत्र्याच्या रसात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य हळूहळू तयार होतं. रस ठेवला तरी कडवटतो, तापवला तर लवकरच. रस बाटलीत भरणाऱ्यांची ही जुनीच डोकेदुखी आहे. मुंबईत तो वाढपी रस समोर का पिळत होता ते मला आपल्या ओट्यापाशी कळलं. तिथे तो देखावा वाटला होता. आमच्या संत्र्यासाठी तर तो नियमच हवा.

दुसऱ्या खेपेला पाक आधी पूर्ण करून घेतला. फळ झाडावरचंच, घट्ट सालीचं, फुगायच्या आत तोडलेलं. न सोलता हलक्या हातानं किसलं. नारिंगी थर तेवढा घ्यायचा, खालचा पांढरा आला की कडूपणा आलाच. बिया न चिरडता रस पिळला, आमचं संत्रं गोड म्हणून अर्धं लिंबू घातलं, आणि रस पडून एक उकळी येताच शेगडी बंद. दारू आणि ज्वाळा सोडून दिली. धिरडी गव्हाच्या पिठाची, घरच्या तुपावर.

आई दारात उभी राहून बघत होती.

“साल कायले किसतं रे बाबू? ते तर मी उटण्यासाठी गच्चीवर वाळू घालतो.”

म्हणजे आमच्या घरात सालीला मान होता; तो दिवाळीच्या पहाटे अंगाला लागत होता, ताटात नव्हता. मी तिला बशी दिली. तिनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग बोटांचा वास घेतला.

“बगीच्यातून आल्यावर हातांले असाच वास राह्यते,” ती म्हणाली आणि उरलेलं संत्रं किसायला घेतलं.