मध्यरेषा ओलांडणारे तंतू

बेडकाच्या डोक्यावर, जरा पुढे माशी धरली की तो अचूक वर झेपावतो. १९४० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी बेडकांची दृष्टिचेता कापली, डोळा खोबणीतच १८० अंशांनी फिरवला आणि वाट पाहिली. बेडकाची तुटलेली दृष्टिचेता पुन्हा वाढते. त्याला दिसू लागलं, पण वर माशी धरली तर तो खाली तोंड मारायचा, पुढे धरली तर मागे वळायचा. कितीही वेळा फसला तरी सुधारला नाही.

स्पेरींचे गुरू पॉल वाइस यांचं मत होतं की तंतू कसेही जोडले जातात आणि पुढे वापरातून सगळं जागेवर बसतं. बेडकाने ते खोटं ठरवलं. कापलेले तंतू मेंदूतल्या आपापल्या जुन्या ठिकाणीच परतले होते. डोळा उलटा झालाय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तंतूंवर आणि त्यांच्या मुक्कामावर रासायनिक खुणा असल्या पाहिजेत, असं स्पेरींनी १९६३ मध्ये ठामपणे मांडलं. १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पण ते मेंदूच्या दोन अर्धगोलांवरच्या कामासाठी. मला विचाराल तर बेडकांचं काम तितक्याच तोलाचं होतं.

या खुणा वाचतं कोण? चेतातंतूचं टोक. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात ते पाहिलं आणि त्याला वृद्धिशंकू म्हटलं. पण त्यांच्यापुढे होत्या रंगवलेल्या, मेलेल्या पेशी. जिवंत तंतू वाढताना दाखवला रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये. बेडकाच्या गर्भातल्या चेताऊतीचा तुकडा त्यांनी लसिकेच्या थेंबात काचेखाली टांगून ठेवला होता. सूक्ष्मदर्शकाखाली हे टोक पाहत बसावं असंच आहे. सपाट पंजा पसरतो, त्यातून बारीक बोटं बाहेर येतात, अंधारात भिंत चाचपावी तशी आजूबाजूला फिरतात. एखादं चिकटतं, बाकीची आखडतात आणि तंतू चिकटलेल्या बाजूला सरकतो.

खरी परीक्षा शरीराच्या मध्यरेषेशी असते. मेंदूच्या डाव्या बाजूची सत्ता उजव्या हातावर चालते, कारण गर्भात असंख्य तंतू ही रेषा ओलांडून जातात. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असे काही तंतू वरच्या भागात उगवतात, खाली उतरतात, तळाच्या मधल्या पट्टीवरून पलीकडे जातात आणि डोक्याकडे वळतात. त्यांना ओढणारं नेट्रिन हे प्रथिन मार्क टेसिये-लविन यांच्या गटाने १९९४ मध्ये कोंबडीच्या गर्भांच्या मेंदूंतून वेगळं काढलं. तळाच्या पट्टीतून नेट्रिन पसरतं आणि तंतू त्याच्या मागावर येतो, हे चित्र मग पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. २०१७ मध्ये दोन गटांनी ते हलवलं. उंदराच्या गर्भात पट्टीतलं नेट्रिन काढून टाकलं तरी बरेच तंतू पलीकडे पोचले. जास्त काम करत होतं ते वाटेवरच्याच पेशींनी जागोजागी पसरलेलं नेट्रिन. पट्टीचा वाटा नेमका किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

पण ओढ एवढी असेल तर तंतू मध्यावरच का थांबत नाही? पलीकडे गेलेला पुन्हा अलीकडे का येत नाही? उत्तर फळमाशीत सापडलं. एका बिघडलेल्या वाणात तंतू मध्यरेषा पुन:पुन्हा ओलांडत गोल फिरत राहायचे, म्हणून त्या जनुकाला वाहतुकीच्या चौकावरून राउंडअबाउट, म्हणजे रोबो, हे नाव पडलं. मध्यरेषेवरच्या पेशी स्लिट नावाचं हुसकावणारं प्रथिन सोडतात आणि रोबो जनुकापासून बनणारं, त्याच नावाचं प्रथिन ते ओळखतं. ओलांडण्याआधी तंतू रोबोला पृष्ठभागावर येऊच देत नाही, त्यामुळे धोक्याची खूण त्याला कळत नाही. पलीकडे पोचताच रोबो वर येतं आणि मागे फिरणं बंद. रसायन तेच राहतं, ते वाचणारा बदलतो. मला या सगळ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

माणसात हे बिघडलं तर? नेट्रिन ओळखणाऱ्या डीसीसी या प्रथिनाचं जनुक सदोष असलेल्या काही जणांत उजव्या हाताने बटण लावताना डाव्या हाताची बोटंही नकळत तशीच हलतात. हा संबंध २०१० मध्ये उलगडला. रोबो-३ जनुकातला दोष त्याआधी, २००४ मध्ये सापडला होता. अशा लोकांत हालचालींचे मुख्य तंतू मध्यरेषा ओलांडतच नाहीत. उजवा मेंदू उजवाच हात चालवतो. तरीही त्यांचे हात बऱ्यापैकी नीट चालतात. पाठीचा कणा मात्र लहानपणापासून वाकत जातो आणि डोळे आडवे फिरत नाहीत. बाजूला काही पाहायचं असेल तर त्यांना पूर्ण मानच वळवावी लागते.