तुटलेल्या एक्सलचे वाचन

मोटारीच्या इंजिनात निर्माण झालेली शक्ती क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल असा प्रवास करत शेवटी ज्या पोलादी दांड्यातून चाकापर्यंत पोचते, त्या दांड्याला गॅरेजच्या भाषेत नुसते ‘एक्सल’ म्हणतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत असे दोन दांडे असतात, डावा आणि उजवा. दोन्ही एका पोकळ पोलादी कवचात, म्हणजे हाऊसिंगमध्ये, बसवलेले असतात आणि दोघांची आतली टोके डिफरन्शियलच्या दातेरी चाकांत अडकलेली असतात. हा दांडा बदलणे फारसे अवघड काम नाही, आणि अनुभवी मिस्त्री ते एका दुपारीत उरकतो. परंतु तो का तुटला हे तुटलेल्या तोंडावरून न ओळखता नवा बसवला, तर नवाही त्याच जागी तुटण्याची शक्यता राहते. त्यामुळे या दुरुस्तीचे खरे कौशल्य पान्यापेक्षा डोळ्यांत असते.

मुंबईत ही विद्या रुजली ती प्रामुख्याने फियाट आणि तिच्यापासून घडलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या आधाराने. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून फियाट ११०० या घराण्यातील गाड्या तयार होऊ लागल्या आणि १९७४ पासून त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, मागे एकसंध आस आणि गाडीला तोलणारे पाटे (लीफ स्प्रिंग), अशी तिची साधी रचना होती. हे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, तरी गिरगाव, दादर, परळ आणि लालबागच्या रस्त्यांवर तीच गाडी काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात पुढेही धावत राहिली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी, वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होताच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून गेली. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आणि काँटेसासारख्या जुन्या गाड्या मात्र अजून शहरात आहेत. त्यांतल्या काहींत अधिक ताकदीची इंजिने बसवली जातात आणि मागच्या एक्सलची खरी कसोटी तेथे लागते.

ही कसोटी समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. इंजिनाचा फिरवण्याचा जोर, म्हणजे पीळ किंवा टॉर्क, समजा ७० न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे चौपट होतो आणि डिफरन्शियलमधील क्राउन-पिनियन या दात्यांच्या जोडीत पुन्हा सुमारे चौपट होतो, म्हणजे मागच्या आसापर्यंत पोचताना तो सोळापट, ११२० न्यूटन-मीटर झालेला असतो. साधे डिफरन्शियल तो दोन्ही दांड्यांत समान वाटते. इंजिन अडीचपट ताकदीचे बसवले तर प्रत्येक दांड्यावरचा भारही अडीचपट होतो, परंतु दांडा जुनाच असतो. येथे अभियंत्यांना दिलासा देणारा एक नियम आहे: भरीव दांड्याची पीळ सोसण्याची क्षमता त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढवला तर ताकद सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. उलट दिशेने हाच नियम कठोर आहे, कारण दांड्यावर कापलेली एखादी खाच किंवा गंजाने खाल्लेला थोडासा भागही ताकद लक्षणीय घटवतो. पिळाचा ताण पृष्ठभागावर सर्वाधिक आणि केंद्रात शून्य असल्यामुळे दांड्याचे पृष्ठ हेच त्याचे खरे बळ असते.

हा वाढलेला भार सर्वाधिक जाणवतो तो ड्रॅग शर्यतीत. ड्रॅग शर्यत म्हणजे उभ्या स्थितीतून निघून पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ अंतर कमीत कमी वेळात कापण्याची स्पर्धा. महाराष्ट्रात अशा शर्यती लोणावळ्याजवळील अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या आहेत. सार्वजनिक रस्त्यावर राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे, आणि रात्रीच्या मरीन ड्राइव्हवर गाड्या उडवणाऱ्यांना हे कलम लागू होते, हे येथे स्पष्ट नोंदवणे आवश्यक आहे. धावपट्टीवर निघतानाचा क्षण एक्सलसाठी सर्वांत घातक असतो. इंजिन वेगाने फिरत असताना क्लच एकदम सोडला, की फ्लायव्हील या जड चाकात साठलेली गतीही त्या क्षणी दांड्यावर येऊन आदळते आणि इंजिनाच्या कमाल पिळापेक्षा मोठा झटका बसतो. रुंद, मऊ टायर रस्त्याला घट्ट धरत असतील तर तो झटका टायर घसरून विरत नाही. शिवाय पाट्यांवर टेकलेले हाऊसिंग प्रतिक्रियेने उलट फिरू पाहते, पाटे वाकडे होतात, चाक उसळते, जमिनीवर आपटते आणि पुन्हा उसळते. या प्रत्येक आपटीत दांड्याला नवा झटका मिळतो. अनेकदा दांडा ताकदीच्या अभावी तुटतो असे मानले जाते, पण दोष या उसळीचा असतो. म्हणून पाट्यांना आधार देणाऱ्या पट्ट्या न बसवता केवळ जाड एक्सल घालणे हा खर्चाचा अपव्यय ठरतो.

तुटलेला दांडा बाहेर आल्यावर त्याचे तोंड पाहणे हा या कामाचा गाभा आहे. खडू दोन्ही हातांनी पिळला तर तो आडवा न तुटता सुमारे ४५ अंशांच्या तिरक्या वळणाने तुटतो. कठीण, ठिसूळ झालेला पोलादी दांडा नेमका याच वळणाने तुटतो आणि तसे तोंड दिसले, तर उष्णता-उपचारात पोलाद अति कडक झाले किंवा झटका फार मोठा होता असे समजावे. मऊ, चिवट दांडा मात्र आधी पिळला जातो आणि मग जवळजवळ सपाट तुटतो. त्याचे स्प्लाइन, म्हणजे टोकावरचे समांतर दाते, तुटण्यापूर्वीच वळलेले दिसतात. तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. तुटलेल्या तोंडाच्या एका कडेला गुळगुळीत भाग, त्यावर कमानीसारख्या एकाआड एक रेषा आणि उरलेला भाग खडबडीत, असे दिसले तर तो दांडा एका शर्यतीत तुटलेला नाही. एका छोट्या भेगेपासून सुरुवात होऊन ती दिवसेंदिवस वाढत गेली आणि उरलेल्या पोलादाला शेवटचा भार पेलवला नाही, इतकेच त्या शर्यतीत घडले. या प्रक्रियेला धातूचा थकवा म्हणतात.

थकव्याचे शास्त्र वाढले ते प्रामुख्याने आगगाड्यांच्या एक्सलमुळे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर लगेच, १८४३ मध्ये, स्कॉटिश अभियंता रँकिन यांनी दाखवले की आसाच्या जाडीत जेथे अचानक बदल होतो त्या कोपऱ्यात भेग सुरू होते, आणि त्यांनी ते कोपरे गोलाकार ठेवण्याचा आग्रह धरला. पुढे जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्हॉलर यांनी १८७० पर्यंत केलेल्या प्रयोगांतून भार कितीदा उलटतो यावर आयुष्य ठरते, हे सिद्ध केले. मुंबईतील टॅक्सीसाठी ही संख्या लहान नव्हती. पद्मिनीचे चाक एका किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे घेते आणि ज्या रचनेत दांडाच गाडीचे वजनही पेलतो, त्या अर्धतरंगी रचनेत प्रत्येक फेऱ्याला दांड्याचा पृष्ठभाग एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. दिवसाला शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीत असे दहा लाख फेरे जेमतेम वीस दिवसांत पूर्ण होतात. म्हणूनच तुटीची जागा महत्त्वाची असते: चाकाजवळच्या बेअरिंगपाशी तुटला तर वाकण्याचा थकवा, स्प्लाइनपाशी तुटला तर पिळाचा मार, असे अनुमान बहुतेक वेळा खरे ठरते. मध्य रेल्वेच्या १८७९ मध्ये उभारलेल्या परळच्या आणि १९१५ च्या माटुंग्याच्या कारखान्यांची परंपरा ज्या भागात आहे, तेथे आसाची तपासणी ही परकी कल्पना नाही. रेल्वेच्या आसांची आतील भेगांसाठी ध्वनिलहरींनी तपासणी केली जाते, आणि शर्यतीच्या गाडीचा जुना दांडा पुन्हा वापरण्यापूर्वी निदान रंगद्रवाची सोपी भेग-चाचणी करण्यास सबब उरत नाही.

प्रत्यक्ष बदलाच्या वेळी पुढच्या चाकांना अडणी लावून मागचे हाऊसिंग जॅकवर उचलले जाते आणि ते मजबूत स्टँडवर टेकवले जाते, कारण नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाणे जीवघेणे असते. चाक आणि ब्रेक ड्रम निघाल्यावर बेअरिंगचे झाकण सुटते आणि सरकत्या हातोड्याच्या झटक्यांनी दांडा ओढला जातो. आत राहिलेला तुकडा काढण्यासाठी समोरचा, म्हणजे दुसऱ्या बाजूचा, दांडाही काढावा लागतो, म्हणजे त्या बाजूने सळई घालून तुकडा ढकलता येतो. समोरचा दांडा दिसायला अखंड असला तरी त्याने तेवढाच मार खाल्लेला असतो, म्हणून शर्यतीच्या गाडीत दोन्ही एकदम बदलणे शहाणपणाचे असते. गिअर ऑइल काढल्यावर त्यातले लोखंडी कण पाहावेत, डिफरन्शियल धुवावे, आणि हाऊसिंग सरळ आहे की नाही हे डायल गेजने तपासावे. या शेवटच्या तपासणीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि वाकलेल्या हाऊसिंगमध्ये बसवलेला उत्तम एक्सलही प्रत्येक फेऱ्यात वाकत राहून थकतो. नवे बेअरिंग प्रेसवर बसवले जाते. ते पकडून ठेवणारी कडी तापवून घालावी लागते, परंतु ज्योत दांड्यावर नेली तर त्याचे कडकपण उतरते. नवे सील, योग्य प्रतीचे नव्वद नंबरचे ऑइल आणि हाऊसिंगची हवा सोडणारी मोकळी नळी, इतके झाले की जोडणी पूर्ण होते. ती नळी तुंबली असेल तर दाबाने ऑइल सीलमधून ब्रेकच्या लायनरवर येते.

नवा दांडा आणायचा कोठून, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा कठीण आहे. गिरगावला लागून असलेल्या ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांची दुकाने आणि दो टाकीजवळचा जुन्या मालाचा बाजार ही त्यासाठीची परिचित ठिकाणे आहेत. तेथे जुळणारा भाग मिळाला नाही, तर नमुना देऊन लेथवर नवा घडवून घेण्याची प्रथा आहे. कापड गिरण्यांच्या मेकॅनिक खात्यात शाफ्ट आणि दाते घडवण्याचे काम लालबाग-परळच्या कामगारांनी पिढ्यान्पिढ्या केले, आणि त्या कारागिरीचा दर्जा नाकारता येणार नाही. परंतु शर्यतीच्या एक्सलमध्ये आकार हा अर्धाच भाग असतो. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले ‘ईएन २४’ सारखे पोलाद आणि त्यावरचा अचूक उष्णता-उपचार, ज्यात पृष्ठभाग कडक व गाभा चिवट राहतो, हे दोन्ही नसले तर हुबेहूब दिसणारा दांडाही फसवा ठरतो. गुलालवाडी-खेतवाडीच्या धातूच्या पेढ्यांवर या जातीचे पोलाद मागता येते. घेणाऱ्याने पावतीसोबत रासायनिक घटकांचे प्रमाणपत्र आणि उपचारानंतर कडकपणाची नोंद मागून घ्यावी.

अमेरिकेत ही काळजी नियमाचा भाग आहे. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमानुसार १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून जलद पाव मैल कापणाऱ्या गाडीला बाजारातील खास एक्सल आणि दांडा तुटला तरी चाक बाहेर पडू न देणारी धारण-यंत्रणा सक्तीची आहे. काही अमेरिकी गाड्यांत दांडा आतल्या टोकाच्या एका छोट्या चापाने धरलेला असतो, आणि दांडा तुटला की चाकासह त्याचा तुटलेला भाग बाहेर सरकतो, हे या नियमामागचे कारण आहे. मुंबईत जुन्या गाडीला मोठे इंजिन बसवणाऱ्याने इंजिनावर खर्च करण्याआधी हा नियम वाचावा, कारण तुटलेला दांडा गाडी थांबवतो, पण निसटलेले चाक रस्त्याच्या कडेला उभ्या माणसापर्यंत जाते.

शर्यतीच्या गाड्यांत आणखी एक जुनी पद्धत वापरली जाते. नवा दांडा बसवण्यापूर्वी त्याच्या लांबीवर रंगाची एक सरळ रेष ओढली जाते आणि ठरावीक शर्यतींनंतर दांडा बाहेर काढून ती पाहिली जाते. रेष सरळ असेल तर दांडा पुसून, तपासून परत बसवतात. ती किंचित जरी वळलेली असेल तर पोलादाने आपली मर्यादा ओलांडलेली असते, आणि तो दांडा अखंड असूनही भंगारात टाकतात.