ॲक्रिलिक मत्स्यालयावरील ओरखड्यांचे निवारण

पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट या पारदर्शक प्लॅस्टिकाच्या (व्यवहारातील नाव ॲक्रिलिक) मत्स्यटाकीवर पडलेले चरे उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या अपघर्षकांनी (झिजविणाऱ्या पदार्थांनी) घासून पृष्ठभाग पुन्हा पारदर्शक करण्याची क्रिया. घरगुती मत्स्यालये बहुधा काचेची असतात. परंतु मोठ्या व वक्र टाक्यांसाठी ॲक्रिलिक सोयीचे पडते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले व २०१५ मधील नूतनीकरणात तेथे १२ फूट लांबीचा ॲक्रिलिक बोगदा बसविण्यात आला. ॲक्रिलिकाची सापेक्ष घनता सु. १·१९ म्हणजे काचेच्या निम्म्याहून कमी असून ते काचेसारखे सहज फुटत नाही. मात्र ते काचेपेक्षा पुष्कळच मऊ असते.

कारणे : मोस मापक्रमात सामान्य काचेची कठिनता सु. ५·५, तर क्वॉर्ट्‌झाची ७ आहे. नदीची वाळू मुख्यतः क्वॉर्ट्‌झाची असते. गोंदिया जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वैनगंगेसारख्या नदीची वाळू टाकीच्या तळाशी अंथरल्यास, शेवाळ पुसताना फडक्यात अडकलेला तिचा एखादा कणही लांब चरा पाडतो. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे किंवा काचेसाठी असलेले धातूचे पाते वापरणे, हीही नेहमीची कारणे होत.

ओरखड्यांची दृश्यता : ॲक्रिलिकाचा प्रणमनांक सु. १·४९, पाण्याचा १·३३ व हवेचा जवळजवळ १ आहे. बाहेरील चऱ्यापाशी ॲक्रिलिक व हवा यांच्या प्रणमनांकांत मोठा फरक असल्याने प्रकाश विखुरतो व चरा उठून दिसतो. आतील चऱ्यात पाणी भरलेले असल्याने हा फरक कमी होतो. त्यामुळे रिकाम्या टाकीत ठळक दिसणारा आतील चरा पाणी भरल्यावर बराचसा लपतो. यास्तव निर्णय भरलेली टाकी पाहूनच घ्यावा.

पद्धत : चरा बुजविला जात नाही, सभोवतालचा पृष्ठभाग त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत उतरविला जातो. नखाला न जाणवणारा बारीक ओरखडा केवळ ॲक्रिलिकासाठीच्या पॉलिशने जातो. नखाला अडणाऱ्या चऱ्यासाठी पाण्यात चालणारा घासकागद (पॉलिश पेपर) वापरतात. ६०० किंवा ८०० क्रमांकाच्या कागदाने आरंभ करून १०००, १५०० व २००० अशा क्रमाने पुढे जातात. प्रत्येक टप्प्यास घासण्याची दिशा काटकोनात बदलतात. आधीच्या टप्प्याच्या सर्व रेषा नाहीशा झाल्यावरच पुढचा कागद घेतात. शेवटी मऊ कापडाने पॉलिश करतात. केवळ चऱ्यापुरतेच घासल्यास तेथे खळगा पडून मासे वेडेवाकडे दिसतात. म्हणून घासण्याचे क्षेत्र चऱ्याच्या सभोवार विस्तृत ठेवतात. यंत्राने घासताना उष्णता वाढू देत नाहीत, कारण सु. १००° से.च्या आसपास हे प्लॅस्टिक मऊ पडते.

दक्षता : भरलेल्या टाकीत आतून पॉलिश किंवा कोणतेही रसायन वापरू नये; केवळ अपघर्षक कागद वा कापड वापरून सुटलेली भुकटी गाळणीने काढावी. टाकी रिकामी करावयाची असल्यास मासे त्याच टाकीच्या पाण्यात ठेवून त्यात हवा सोडावी. गाळणीतील माध्यम ओले ठेवावे. ते वाळल्यास माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू मरतात व नव्याने भरलेल्या स्वच्छ पाण्यातही मासे दगावतात. अमोनियायुक्त काचपुसणी, अल्कोहॉल व ॲसिटोन यांमुळे ताण असलेल्या ॲक्रिलिकात केसासारख्या भेगांचे जाळे निर्माण होते. भेगा व सांध्यांतील चिरा हे ओरखडे नव्हेत. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत असल्याने अशा जागा घासून भिंत पातळ करणे धोक्याचे ठरते. तेथे टाकी रिकामी करून सांधा दुरुस्त करावा किंवा तक्ता बदलावा.