ड्रोनला नकार मिळाला, पण का?

पूजेच्या दिवसांत कोलकात्यात रात्र होतच नाही. मंडपामागून मंडप, डोळे दिपवणारी रोषणाई आणि रस्तोरस्ती लोटलेला माणसांचा पूर! या दुर्गापूजेला २०२१ साली युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. असा सोहळा उंचावरून टिपायला आता विमान लागत नाही, दोन किलोहूनही हलका ड्रोन पुरतो. लग्नकार्यात चित्रीकरण करणाऱ्या कितीतरी तरुणांची कमाई आज याच यंत्रावर अवलंबून आहे.

मात्र ड्रोन विकत घेतला म्हणजे आकाश आपले झाले, असे नाही. कोलकात्यात तर फारच जपून राहावे लागते. एकीकडे दमदमचा विमानतळ, दुसरीकडे लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेला फोर्ट विल्यम. आपल्या सिंधुदुर्गातील किल्ल्याची आठवण जागवणारे ‘विजय दुर्ग’ हे नाव आता त्याला मिळाले आहे. मे २०२५ मध्ये या भागावर रात्री ड्रोनसारख्या वस्तू दिसल्या, तेव्हा पोलिसांनी लगेच तपास सुरू केला. म्हणजे बंधने हवीतच. प्रश्न एवढाच, की ती सर्वांना सारखी आणि समजतील अशी आहेत का?

हिरवा, पिवळा, लाल

पूर्वी जवळजवळ प्रत्येक उड्डाणासाठी परवानगी मागावी लागे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी नवे नियम आले आणि महिनाभरात देशाच्या आकाशाचा नकाशा संगणकावर सर्वांना खुला झाला. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी हवी, तर लाल भागात केंद्र सरकारची.

संगणकाचा मोठा फायदा असा, की तो कुणाची ओळख पाहत नाही. ‘साहेब जागेवर नाहीत, उद्या या’ असेही तो म्हणत नाही. पण त्याला भरवलेला नियमच चुकीचा असेल, तर तीच चूक तो हजारो अर्जांत करतो, आणि जाब विचारायला समोर माणूसही नसतो!

समजा, एका छायाचित्रकाराने लग्नासाठी आगाऊ रक्कम घेतली आहे. पडद्यावर दोनच शब्द उमटतात : ‘अर्ज नामंजूर’. उंची जास्त झाली? जागा चुकली? की कागद अपुरा पडला? कारण कळले तर तो चूक सुधारील. न कळले तर मनात एकच शंका राहील, की शेजारच्याला मिळाली ती वशिल्यानेच. खरे तर शेजारच्याचे उड्डाण शंभर फूट खाली असेल, एवढाच फरक!

कारण सांगणे हे कर्तव्य

नकाराचे कारण सांगणे ही काही मेहेरबानी नव्हे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते, की प्रशासकीय निर्णयाची कारणे संबंधित व्यक्तीला दिली पाहिजेत. निर्णय यंत्राने दिला म्हणून हे कर्तव्य संपत नाही.

ड्रोनच्या नियमांतही चांगला नमुना आहे. एखादा भाग तातडीने बंद करायचा, तर तो एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासच बंद ठेवता येतो. तसा हुकूम पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने द्यायचा आणि तो नकाशावर दाखवायचा. किती वेळ, कुणाच्या हुकमाने, हे सारे उघड!

अमेरिकेत विमानतळांभोवती कुठे किती उंचीपर्यंत लगेच परवानगी मिळेल, हे चौकोन आखून आधीच जाहीर केलेले असते. त्या मर्यादेत संगणक काही क्षणांत होकार देतो. त्याहून उंच जायचे असेल, तर अर्ज माणसाकडे जातो.

आपण काय करावे?

कार्यक्रमाच्या दिवशी नकाशा पुन्हा पाहावा, कारण रंग बदलू शकतो. अर्जाचा क्रमांक आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. नकार मिळाल्यास लेखी कारण मागावे. केंद्र सरकारच्या कार्यालयात दहा रुपये शुल्क भरून माहितीचा अर्ज करता येतो आणि त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. लग्नघरच्या मंडळींनीही छायाचित्रकाराला आधीच विचारावे, ‘परवानगीचे काय?’

हा पारदर्शकपणा केवळ उडवणाऱ्यांसाठी नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातील खेड्यांवर रात्री ड्रोन फिरू लागले. ते कुणाचे, हे कळेना, आणि चोरांच्या धास्तीने गावकऱ्यांनी रात्री जागून काढल्या. वर कोण उडते आहे आणि कुणाच्या परवानगीने, हे खाली राहणाऱ्यालाही कळायला हवे. आकाश सर्वांचे आहे. मग त्याचा हिशेबही सर्वांसमोर नको का?