देणी कोणाची, भागीदार कोण?

उमेदवाराचे चारित्र्य जोखण्याची जुनी रीत ओळखीवर चालत असे. गावात त्याचे घराणे, वागणे-बोलणे, उधार-उसनवार सगळ्यांना ठाऊक असायची. मीरा-भाईंदरमध्ये ही रीत पुरी पडत नाही. १९९१च्या जनगणनेत येथे १,७५,६०५ माणसे होती, २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. उत्तनचे कोळी आणि भाईंदरचे जुने आगरी रहिवासी सोडले, तर बहुतेक मतदार गेल्या तीस-चाळीस वर्षांत इथे राहायला आलेले. त्यांना उमेदवार दिसतो तो चौकातल्या फलकावर, नाहीतर सोसायटीच्या फाटकाशी हात जोडून उभा असलेला.

हाताला काम कमी असले की ही अडचण वाढते. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी बनतात. मागणी घटली की तिथल्या कारागिराचे कामाचे दिवस घटतात; घराचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला जातोच. अशा वेळी मुलाची फी भरणारा, पाण्याचा टँकर पाठवणारा माणूस देवासारखा वाटतो. त्या कृतज्ञतेत खोटे काही नाही. पण हा पैसा कोठून आला आणि त्याची परतफेड कोणाला, कशाने होणार, हे विचारण्याची गरज तेव्हाच सर्वांत जास्त असते.

संबंधांची किंमत सामान्य खातेदाराने कशी मोजली, हे २०१९ मध्ये दिसले. २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असे सांगितले. ही मर्यादा २६ सप्टेंबरला १०,००० रुपये, ३ ऑक्टोबरला २५,००० आणि १४ ऑक्टोबरला ४०,००० झाली. २१ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान होते. बँकेची ७० टक्क्यांहून अधिक कर्जे एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे आणि ती हजारो बनावट खात्यांआड लपवल्याचे तपासात पुढे आले. बँकेचे अध्यक्ष पूर्वी त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर होते. ही माहिती गुप्त नव्हती, पण पासबुक हातात घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या खातेदाराने ती कधी पाहण्याचे कारणच नव्हते. कुंपणानेच शेत खाल्ले, हे त्याला पीक गेल्यावर कळले.

उमेदवाराबाबत मात्र पाहण्याची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी उमेदवाराची पार्श्वभूमी जाणणे हा मतदाराचा हक्क ठरवला. संसदेने कायदा बदलून तो आकसवला, तेव्हा १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केले. आज विधानसभेचा उमेदवार ‘नमुना २६’ मध्ये शपथपत्र देतो आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते.

वर्तमानपत्रांत त्यातला एकूण संपत्तीचा आकडा तेवढा छापून येतो. तो सर्वांत कमी उपयोगाचा. ज्याच्या वडिलांची जमीन मीरा रोडला होती, तो घरबसल्या कोट्यधीश झाला असेल. खरे वाचायचे असते ते देण्याघेण्याच्या रकान्यांत. बँकांची कर्जे एका ठिकाणी, आणि व्यक्ती वा संस्थांकडून घेतलेली कर्जे नावांसह दुसऱ्या ठिकाणी असतात. उमेदवाराने कोणाला उसने पैसे दिले, हेही नावासह लिहावे लागते. पाच वर्षांच्या उत्पन्नाचे आकडे असतात. लोकप्रहरी संस्थेच्या याचिकेवर १६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल लागल्यापासून स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचा स्रोत सांगणे बंधनकारक आहे. सरकारी कंत्राटे, मग ती भागीदारी संस्थेच्या नावावर असली तरी, नोंदवावी लागतात. देणेकरी म्हणून एखाद्या बांधकाम कंपनीचे नाव आले, तर ते महारेराच्या संकेतस्थळावर टाकून पाहावे. प्रकल्पाचे प्रवर्तक, त्यांचे भागीदार आणि चालू दावे तिथे सापडतात. अर्ध्या तासाचे काम आहे.

गुन्ह्यांचा रकानाही आकड्यावर वाचू नये. पाण्यासाठी रास्ता रोको केला म्हणून जमावबंदी मोडल्याचे पाच खटले असलेला कार्यकर्ता आणि फसवणुकीचा एकच खटला असलेला व्यावसायिक यांना एका मापाने मोजता येत नाही. ठेवीदार हितसंरक्षण कायदा, १९९९ किंवा सदनिका मालकी हक्क कायदा, १९६३ यांचा उल्लेख दिसला, की मतदाराने थांबून वाचावे; कारण तिथे तक्रारदार बहुधा त्याच्यासारखाच कोणीतरी ठेवीदार वा फ्लॅटधारक असतो. खटला चालू असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, हे अर्थात विसरता कामा नये.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण निवडणुकीत हमखास निघते, आणि तिचा दुरुपयोगही तितकाच होतो. दहीहंडीच्या फलकावर शेजारी छापलेला चेहरा हा संबंधाचा पुरावा नाही; असे फोटो मंडळवाले न विचारता लावतात. धर्म, जात, मूळ गाव यांवरून माणसाला कोणाच्या तरी गोठ्यात बांधणे तर सरळ अन्याय आहे. भागीदारी, कर्ज, जामीन, सामाईक मालमत्ता हे संबंध वेगळे. त्यांवर सही असते.

महापालिकेचा कायदाही हाच भेद करतो. मीरा-भाईंदरची नगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका झाली. तिच्या ९५ जागांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम १० नुसार पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा वा भागीदाराचा हिस्सा असेल, तर पद जाते. नगरसेवकाने, त्याच्या जोडीदाराने किंवा अवलंबिताने बेकायदा बांधकाम केले, तरीही अपात्रता येते. नात्याचा विचार कायद्याने इथे केलेला आहे, तो नफा ज्याच्या घरात जातो त्या घरापुरता.

खोट्या शपथपत्राला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. विधानसभेच्या निकालाला आव्हान द्यायला ४५ दिवस मिळतात, पालिकेच्या निकालाला अवघे १०. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. शपथपत्रे वाचायला मतदाराच्या हातात तेवढे २२ दिवस होते.