मालकालाही पुसता न येणारी प्रत

‘कोड स्पेसेस’ नावाची कंपनी प्रोग्रामर मंडळींचा कोड सांभाळून ठेवायची. तिचा कारभार ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालायचा. १७ जून २०१४ रोजी तिच्या साइटवर आधी बनावट ट्रॅफिकचा भडिमार झाला आणि मग तिच्याच क्लाउड खात्यात खंडणीचा निरोप सापडला. कंपनीने पासवर्ड बदलून घुसखोराला बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण त्याने जादा लॉगिन आधीच तयार करून ठेवले होते. आपल्याला हुसकावलं जातंय हे दिसताच त्याने पुसापुशी सुरू केली. बारा तासांत बहुतेक डेटा गेला आणि कंपनीने धंदा गुंडाळला. बॅकअप नव्हते असं नाही. ते त्याच खात्याच्या हुकमतीखाली होते. घराची आणि तिजोरीची किल्ली एकाच जुडग्यात!

क्लाउडवर टाकलं म्हणजे डेटा सुरक्षित, हा समज निम्मा खरा आहे. मोठ्या क्लाउड कंपन्या फाइलच्या प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात, त्यामुळे एखादी डिस्क जळाली तरी ग्राहकाला पत्ताही लागत नाही. पण या सगळ्या प्रती एकच हुकूम पाळतात. ‘पूस’ म्हटलं की सगळ्या पुसल्या जातात.

रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम, नेमका याचा फायदा घेतो. समजा, मार्चअखेरच्या घाईत कोणीतरी ‘थकीत बिल’ नावाची अटॅचमेंट उघडली. आत आलेला प्रोग्राम फाइलींमागून फाइली कुलूपबंद करत सुटतो. त्या कुलपांच्या किल्ल्या तो दुसऱ्या एका किल्लीने बंद करतो आणि तिची जोडकिल्ली फक्त हल्लेखोराकडे असते. इकडे सिंक करणारं, म्हणजे संगणकावरच्या फाइली क्लाउडशी जुळवून ठेवणारं सॉफ्टवेअर इमानेइतबारे आपलं काम करतं. फाइल बदललेली दिसली, चला, वर पाठवा. स्क्रीनच्या कोपऱ्यात निळे बाण फिरतात आणि थोड्या वेळाने नासलेल्या फाइलीपुढे हिरवी बरोबरची खूण उमटते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक चूकही तितक्याच तत्परतेने पोचवतं.

याचा महागडा धडा मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला मिळाला. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस तिच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि न्हावा शेव्यातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही कोलमडलं. नॉटपेट्या खंडणी मागायचा खरा, पण पैसे भरूनही फाइली परत मिळायची सोयच त्यात नव्हती. नेटवर्कमध्ये कोणाला कुठे प्रवेश आहे, याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सुमारे १५० सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि ते सतत एकमेकांशी माहिती जुळवून घेत. एक बिघडला तर दुसऱ्यावरून घेऊ, हा हिशेब. सगळे एकदम जातील, असं कोणी धरलंच नव्हतं. वाचला तो घानामधला एक, कारण वीज गेल्यामुळे तो हल्ल्याच्या वेळी बंद होता! तिथली इंटरनेट लाइन इतकी मंद की डेटा पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने हार्ड डिस्क नायजेरियाला नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती विमानाने इंग्लंडला पोचली. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

वीज जाण्याच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून घानातल्या सर्व्हरला योगायोगाने लाभलेला तो तुटकपणा मुद्दाम तयार करावा लागतो. फाइलीच्या जुन्या आवृत्त्या ठेवणं ही पहिली पायरी. वनड्राइव्हच्या व्यावसायिक खात्यात मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही क्षणापर्यंत मागे जाता येतं. पण घुसखोर कधी कधी आठवडेच्या आठवडे दबा धरून बसतो, आणि ॲडमिनचा पासवर्ड त्याच्या हाती लागला तर आवृत्त्याही पुसू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये उघडकीस आलेल्या ‘कोडफिंगर’ हल्ल्यात तर व्हायरसची गरजच पडली नाही. चोरलेल्या लॉगिन किल्ल्या वापरून ॲमेझॉनच्याच सोयीने फाइली कुलूपबंद केल्या गेल्या आणि सात दिवसांनी त्या नष्ट होतील, अशी वेळही लावली गेली.

यावरचा भक्कम उपाय म्हणजे मुदतबंद प्रत. ॲमेझॉनने २०१८ मध्ये आणलेल्या ‘ऑब्जेक्ट लॉक’च्या कडक प्रकारात एकदा ९० दिवस ठरवले की ९० दिवस ती प्रत खातेदारालाही पुसता येत नाही, बदलता येत नाही. पळवाट एकच, अख्खं खातं बंद करणं. म्हणूनच ही प्रत वेगळ्या खात्यात, वेगळ्या माणसाच्या ताब्यात हवी. यात जागेचं भाडं वाढतं आणि चुकून कचरा साठवला तर त्याचंही भाडं मुदत संपेपर्यंत भरावं लागतं. माझ्या मते हा सौदा स्वस्तच आहे.

एवढं करूनही प्रत परत उतरवून पाहिलेली नसेल तर तिचा भरवसा नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामर मंडळींचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस पुसला, तेव्हा नेहमीचा बॅकअप किती तरी दिवस होतच नव्हता, हे कळलं. तो फसल्याचे इशारे देणारे मेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती, म्हणून निभावलं.

वेळेचं गणितही आधीच मांडून ठेवलेलं बरं. १० टेराबाइट डेटा १०० मेगाबिटच्या लाइनवरून उतरवायला, ती पूर्ण वेगाने चालली तरी, नऊ दिवसांहून जास्त लागतात. त्यामुळे आधी लॉगिनची यंत्रणा, मग चालू महिन्याची बिलं आणि पगार, आणि ऑफिसच्या सहलीचे फोटो सगळ्यांत शेवटी, हा क्रम कागदावर लिहून ठेवावा. कागदावरच, कारण हल्ल्याच्या दिवशी ती यादी असलेली फाइलही उघडणार नाही.